तलावाचा उतार

गेल्या मार्गशीर्षांत एका घरच्या कार्यानिमित्त आम्ही चंदगडास गेलों होतों. कार्य सहस्रचंद्रदर्शनाचें, त्यामुळें चार पिढ्यांचीं माणसें एका छपराखालीं जमलीं होतीं. कार्य निर्विघ्न आटोपलें, आणि दुसऱ्या दिवशीं मुलांनीं तलावावर जाण्याचा हट्ट धरला. मुलांच्या हट्टाला वडील मंडळींनीं वरकरणी विरोध करावा आणि मग सर्वांच्या आधीं स्वतःच गाडींत जाऊन बसावें, हा आमच्या घराण्याचा जुना शिरस्ता. त्याप्रमाणें दुपारच्या चहानंतर वीस-बावीस माणसांचा काफिला निघाला.

चंदगड हें कोल्हापूर जिल्ह्याचें अगदीं दक्षिणेचें टोंक. येथून बेळगांव जवळ, कोल्हापूर लांब. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वीं हा तालुका बेळगांव जिल्ह्यांतच मोडत असे, आणि अजूनही येथील बाजारहाट व सोयरिकी यांचीं तोंडें निम्मींशिम्मीं तिकडेच वळलेलीं आहेत. पश्चिमेस सह्याद्रीचा कडा, त्यावर पारगडासारखे किल्ले. खालीं काजूच्या बागा, नाचणीचीं आणि रताळ्यांचीं शेतें. आणि गांवाजवळून वाहणारी ताम्रपर्णी. सुदूर दक्षिणेंत हिच्याच नांवाची एक थोर नदी आहे, तिचा पुराणांत महिमा आहे. आमच्या ह्या धाकट्या ताम्रपर्णीला पुराणांत जागा मिळाली नाहीं, पण चंदगडकरांचें तिच्यावांचून कांहीं अडलें नाहीं असें मात्र नाहीं. ती पुढें घटप्रभेस मिळते. पाऊस ह्या मुलखांत अतोनात, आणि पूर्वीं तो आला तसा वाहून जात असे. गेल्या अर्धशतकांत जंगमहट्टी, फाटकवाडी, तिल्लारी अशा ठिकाणीं तो अडविला गेला, आणि ज्या तालुक्यांत एकेकाळीं ओढेच ओढे होते तेथें आतां विस्तीर्ण जलाशय दिसूं लागले आहेत.

आम्ही गेलों त्या तलावाचें नांव येथें देत नाहीं. जें घडलें तें महाराष्ट्रांतील कोणत्याही तलावावर घडलें असतें.

नावेंतला फेरफटका उत्तम झाला. दिवस मावळतीला आला तेव्हां नाव परत कांठाला लागली. कांठावर नाव चढविण्या-उतरविण्यासाठीं सिमेंट-काँक्रीटचा एक उतार बांधलेला आहे. हल्लीं त्याला सर्रास ‘रॅम्प’ म्हणतात. त्या उताराच्या मध्यभागीं कोणी एक गृहस्थ आपली जीप धूत होते. साबणाचा फेस ओघळत पाण्यापर्यंत आला होता. नावाड्यानें दोन हांका मारल्या. गृहस्थांनीं हात हलवून ‘झालंच’ अशी खूण केली आणि चाकें घासावयास घेतलीं. निरुपायानें नावाड्यानें नाव उताराच्या कडेला लावली. आमच्या थोरल्या आत्याबाई, वय वर्षें बाहत्तर, पदर खोंवून उठल्या, त्यांनीं पुतण्याचा पुढें केलेला हात नाकारला आणि पाऊल टाकलें. जेथें पाऊल पडलें तेथें काँक्रीटची कड तुटलेली होती, आणि उरलेल्या भागावर शेवाळाचा हिरवा थर होता. पुढचें सांगावयास नकोच. मनगटाचें हाड मोडलें. डोकें दगडावर आपटलें नाहीं ही देवाची कृपा.

त्यांना गाडींत बसवीत असतां नावाडी खालच्या मानेनें म्हणाला, “आज्जी, आमची चूक न्हाई वो. पाणी उतरलं की या म्हाताऱ्या उताराच्या पोटात एवढं मोठं भोक दिसतंय बघा. तीन वर्सं झाली, सांगून दमलो.” आत्याबाईंनीं दुखऱ्या हातानेंही त्याला विचारलें, “कोणाला सांगितलंस?” त्या प्रश्नाला त्याच्यापाशीं उत्तर नव्हतें.

पुढील दोन दिवस तो प्रश्न आम्हीं आपला करून घेतला. चार ठिकाणीं विचारलें आणि चार उत्तरें मिळालीं. एकानें सांगितलें कीं, पाणी आमचें, पण कांठ आमचा नाहीं. दुसऱ्यानें सांगितलें कीं, कांठ आमचा, पण बांधकाम आमचें नाहीं. तिसऱ्याकडे बांधकामाची नोंद होती, परंतु देखभालीची तरतूद नव्हती. चौथ्या गृहस्थांनीं आम्हांला चहा पाजला आणि अर्ज द्यावयास सांगितलें. कोणीही उद्धटपणा केला नाहीं. सर्वजण सज्जन होते. ज्या वस्तूचा मालक म्हणजे सर्व लोक, तिची दशा बहुधा अशीच होते: वापरावयास सगळे, विचारावयास कोणी नाहीं.

वास्तविक पाण्याकांठची ही जागा आपल्या संस्कृतींत इतकी उपेक्षित कधींच नव्हती. ‘तीर्थ’ ह्या शब्दाचा मूळ अर्थच पाण्यांत उतरण्याची किंवा पाणी तरून जाण्याची जागा असा आहे. पावित्र्य त्याला मागाहून चिकटलें. मराठींतला ‘उतार’ हा शब्दही असाच. घसरणीची जमीन असा त्याचा एक अर्थ, आणि नदी ओलांडावयाची जागा असा दुसरा. त्याच धातूपासून ‘उतारू’ हा शब्द आला, आणि आगगाडींत बसणारा मनुष्य, ज्याचा पाण्याशीं कांहीं संबंध नाहीं, तोही उतारूच म्हणविला जातो. भाषेंत जें इतकें खोल मुरलें आहे, तें व्यवहारांतही केव्हां तरी महत्त्वाचें असलेंच पाहिजे.

तें होतेंच, ह्याचा पुरावा कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सांपडतो. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं हा ग्रंथ १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केला, तोंवर कित्येक शतकें तो केवळ नांवानेंच माहीत होता. त्यांत ‘नावध्यक्ष’ नामक अधिकाऱ्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. तें वाचतांना आम्हांला वारंवार त्या चार कचेऱ्यांची आठवण होत होती. भलत्या वेळीं किंवा ठरलेल्या उताराखेरीज अन्य ठिकाणीं नदी तरून जाणाऱ्यास तेथें दंड सांगितला आहे. ब्राह्मण, संन्यासी, मुलें, वृद्ध, आजारी आणि गर्भिणी यांना तराचें मोल माफ आहे. आणि सर्वांत महत्त्वाचें हें: माणसें वा साहित्य अपुरें असल्यामुळें, किंवा नाव दुरुस्त केलेली नसल्यामुळें ती बुडाली, तर झालेलें नुकसान नावध्यक्षानें भरून द्यावें! ‘असंस्कृत’ हा शब्द तेथें दुरुस्ती न केलेल्या नावेला लावला आहे. संस्कार मुंजीचे आणि लग्नाचेच असतात असें नव्हे, नावेचेही असतात. त्याच ग्रंथांत तलाव आणि बंधारे यांच्याविषयीं असें म्हटलें आहे कीं, नवा तलाव बांधील त्याला पांच वर्षें करमाफी, मोडका टाकून दिलेला दुरुस्त करील त्याला चार वर्षें, आणि रानानें झांकून गेलेला मोकळा करील त्याला तीन वर्षें. नवें बांधणें आणि जुनें सांवरणें यांत फरक किती, तर अवघ्या एका वर्षाचा. आजच्या व्यवहारांत नव्या कामाचें उद्घाटन होतें, फलक लागतो, छायाचित्र छापून येतें. दुरुस्तीला ह्यांतलें कांहींच मिळत नाहीं, म्हणून ती कोणालाच नको असते.

इंग्रजी अमलांतही हा विषय अगदींच वाऱ्यावर सोडलेला नव्हता. मुंबई इलाख्यांत १८६८ सालीं सार्वजनिक तरींसंबंधीं स्वतंत्र कायदा झाला. चंदगड तेव्हां इलाख्याच्या बेळगांव जिल्ह्यांत असल्यामुळें तो येथेंही लागू होता. तर चालविण्याचा मक्ता द्यावयाचा, उतारूंकडून घ्यावयाचें मोल ठरवावयाचें, अशी त्याची व्यवस्था. मक्तेदार लोभी असे, कुरबुरी होत; पण ‘कोणाला सांगितलंस?’ ह्या आत्याबाईंच्या प्रश्नाला निदान एक उत्तर होतें. नदीवर पूल झाले आणि तरी बंद पडल्या, तशी ती शिस्तही गेली. मग धरणें आलीं, पाणी पुन्हां पसरलें, नावा पुन्हां आल्या, पण त्यांच्या मागोमाग ती जुनी शिस्त मात्र परत आली नाहीं.

आतां उताराच्या बांधणीकडे वळूं. घाट आणि उतार हीं दोन निरनिराळीं बांधकामें आहेत, आणि एकानें दुसऱ्याचें काम भागत नाहीं. घाट माणसाच्या पायासाठीं असतो. वाईजवळ मेणवलीस नाना फडणविसांनीं कृष्णेवर बांधलेला घाट ज्यांनीं पाहिला आहे त्यांना पायऱ्यांचें मर्म सांगावयास नको. पाऊल न बघतां टाकावें आणि तें बरोबर पडावें, इतकी त्या पायऱ्यांची उंची आणि रुंदी मापांत आहे. परंतु त्या पायऱ्यांवरून नाव ओढून आणूं म्हटलें तर तिचा तळ फुटेल. नावेला पायरी नको, सरळ घसरण हवी. ती फार उभी असेल तर नाव आणि तिच्यामागचें वाहन दोन्हीं पाण्यांत जातात. फार आडवी असेल तर नाव तरंगण्याइतकें पाणी मिळेपर्यंत वाहनच बुडतें. सात-आठ फूट पुढें गेल्यावर एक फूट खालीं जावें, हें प्रमाण जगभर चांगलें मानलें जातें. पृष्ठभाग गुळगुळीत नसावा. ओल्या काँक्रीटमध्यें तिरप्या खांचा पाडाव्या, म्हणजे चाकाला आणि पायाला पकड मिळते व पाणी बाजूला निथळतें. आमच्या घरच्या गवंड्यानें आम्हांला एकदां सांगितलें होतें कीं, गिलावा गुळगुळीत करणें सोपें, खरबरीत पण सारखा करणें कठीण. आमच्या तलावावरील उतार बांधणाऱ्यानें सोपें तें केलें होतें.

घाटाला आणि उताराला आणखी एक फरक जाचतो. कोल्हापूरच्या रंकाळ्यासारख्या तळ्याचें पाणी वर्षभरांत धरणाइतकें खालींवर होत नाहीं. म्हणून त्याला दगडी कांठ बांधून दिला कीं कांठ आणि पाणी यांची गांठ कायमची पडते. पाटबंधाऱ्याच्या जलाशयाचें तसें नाहीं. तो भाद्रपदांत कांठोकांठ भरतो आणि वैशाखांत त्याचें पाणी एखाद्या सासुरवाशिणीसारखें खालमानेनें कोठल्या कोठें मागें सरतें. भाद्रपदांतील पाण्यासाठीं बांधलेला उतार वैशाखांत हवेंत लोंबतो, आणि त्याच्या खालच्या टोंकापासून पाण्यापर्यंत नुसता चिखल पसरतो. उजनीचें उदाहरण घ्या. भीमेवरील ह्या जलाशयांत एकूण सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी मावतें. त्यांपैकीं निम्म्याहून अधिक, सुमारें ६३ अब्ज घनफूट, हा मृतसाठा. त्याच्याखालीं पाणी गेलें म्हणजे वर्तमानपत्रें ‘वजा’ टक्के छापतात. १९२४ च्या नव्हे, २०२४ च्या उन्हाळ्यांत उजनी वजा पन्नासाच्याही खालीं गेली होती. अशा जलाशयाच्या दोन्ही कांठचीं गांवें नावेवर जगतात, आणि नाव लागण्याची जागा मात्र दर पंधरवड्याला बदलते. मग पक्का उतार बांधावा तरी कोठें?

ह्याचें उत्तर असें कीं, उतार पाण्याच्या नीचांकी रेषेच्याही खालीं तीन-चार फूट नेला पाहिजे; आणि तो तेवढा न्यावयाचा तर तो बांधण्याची व दुरुस्त करण्याची वेळ वर्षांतून एकदांच येते. पाणी सर्वांत खालीं असतें तीं चैत्र-वैशाखांतलीं पांचसहा आठवडे. रोहिणी नक्षत्र निघालें, मृगाचा पहिला पाऊस पडला, कीं ती संधि गेली ती पुढच्या वर्षापर्यंत. आमच्या नावाड्याचीं ‘तीन वर्षें’ म्हणजे हुकलेले तीन वैशाख होते. अर्ज माघांत द्यावा तर मंजुरी ज्येष्ठांत येते. हें कोणाच्या दुष्टपणानें होत नाहीं. कचेरीचें वर्ष आणि पाण्याचें वर्ष यांची पत्रिकाच जुळत नाहीं.

उतार फुटतो कसा, तें आम्हीं एका परिचित स्थापत्यविशारदांकडून समजून घेतलें. तें ऐकण्यासारखें आहे, कारण आपण समजतों त्याच्या तें उलट आहे. उतार वरून झिजून मोडत नाहीं. तो खालून पोखरला जातो. लाटा टोंकाखालची माती हळूहळू ओढून नेतात. मोटर लावलेल्या नावा पंख्याच्या जोरावर उतारावर चढविल्या, तर त्या पंख्याचा झोत टोंकापुढें खड्डा पाडतो आणि उडालेली माती पलीकडे ढीग होऊन बसते. म्हणजे पुढच्या नावेला आधीं टेंकाड आणि मग खड्डा. शिवाय धरणांतून पाणी सोडलें कीं तलाव भराभर उतरतो, परंतु काँक्रीटखालीं शिरलेलें पाणी तितक्या झटकन् बाहेर पडूं शकत नाहीं. तें आंतून लादीला वर ढकलतें, सांध्यांतून वाळू घेऊन बाहेर येतें, आणि पोटांत पोकळी ठेवून जातें. वरून पाहणाऱ्याला लादी शाबूत दिसते. मग एके दिवशीं एखादी भरलेली गाडी तीवर येते, आणि अंड्याचें कवच फुटावें तशी ती फुटते.

म्हणून दुरुस्ती म्हणजे वरच्या भेगांवर सिमेंट लिंपणें नव्हे. तसें लिंपण आमच्या तलावावर दोनदां झालेलें स्पष्ट दिसत होतें. पाणी खालीं असतांना टोंक उघडें करावें, पोकळींत खडी भरून ती ठोकून बसवावी, लादीखालीं जाड-बारीक खडीचा थर घालून पाणी निथळण्यास वाट ठेवावी, आणि टोंकाभोंवतीं दोघांना उचलतां येणार नाहींत असे काळे दगड रचावे. ह्या तालुक्यांत जांभा दगड स्वस्त आणि हाताशीं आहे हें खरें. घरांच्या भिंतींना तो उत्तम, पण लाटांच्या माऱ्याखालीं त्याच्या कडा झडतात. पाण्यांत काळा दगडच घालावा. काँक्रीट घातल्यावर तें निदान पंधरवडाभर ओलें ठेवावें, आणि तोंवर तलावाचें पाणी त्याला शिवूं देऊं नये. येथेंही पुन्हां वैशाखाचीच गरज. शेवाळाला मात्र ना अर्ज लागतो ना मंजुरी. खराटा आणि मूठभर जाड वाळू घेऊन दोन माणसें आठवड्यास अर्धा तास घासतील तर तें वाढत नाहीं. कित्येक ठिकाणीं त्यावर ब्लीचिंग पावडर टाकतात. तें करूं नये, कारण तें पाण्यांतील माशांना विष आहे, आणि त्या माशांवर कोळी बांधवांच्या चुली पेटतात.

येथवर बांधणारांना बोल लावून झाला. आतां वापरणारांचें, म्हणजे आपलें, पाहूं. ह्यांत आम्ही स्वतःलाही वगळीत नाहीं, कारण त्या दिवशीं आमच्याच मंडळींनीं दोन गाड्या उताराच्या तोंडाशीं उभ्या केल्या होत्या, आणि जीप धुणाऱ्या गृहस्थांवर रागावतांना ती गोष्ट कोणाच्या ध्यानांत आली नाहीं. उतार ही वाट आहे, अंगण नव्हे. तेथें गाडी धुवूं नये, कपडे बडवूं नयेत, म्हशी बसवूं नयेत, निर्माल्याच्या पिशव्या सोडूं नयेत. ह्यांत केवळ अडवणुकीचा प्रश्न नाहीं. साबणाचें पाणी जलपर्णीला खतासारखें मानवतें, आणि जलपर्णीनें तळें कसें गुदमरतें तें रंकाळ्याकांठच्या लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. गणपतिविसर्जनालाही कोल्हापुरांत आतां रंकाळ्याऐवजीं इराणी खाणीची सोय करण्यांत आली आहे आणि लोकांनीं ती पत्करली. प्रथम कुरकुर झालीच. आपल्याकडे कोणत्या चांगल्या गोष्टीला ती होत नाहीं?

आमचा एक भाचा अमेरिकेंत मिनेसोटा प्रांतांत असतो. त्या प्रांताला दहा हजार तळ्यांचा प्रांत म्हणतात, आणि त्याच्याकडे लहानशी नाव आहे. त्याला आम्हीं ह्याविषयीं लिहिलें, तेव्हां त्याचें लांबलचक उत्तर आलें. तो लिहितो कीं, तेथें उतारावर कोणी सामान भरीत नाहीं. दोऱ्या, वल्हीं, जाकिटें, सर्व कांहीं वर मोकळ्या जागेंत आधीं नावेंत चढवून मगच खालीं यावयाचें. नाव सोडली कीं गाडी लगेच वर न्यावयाची, म्हणजे मागच्याचा खोळंबा होत नाहीं. हा नियम न पाळणाऱ्याला कोणी दंड करीत नाहीं, पण रांगेंतले लोक ज्या नजरेनें बघतात ती दंडाहून वाईट असते! परततांना नावेंतलें पाणी तेथल्या तेथें पूर्ण काढून टाकावें लागतें, आणि चिकटलेलें शेवाळ वेंचून काढावें लागतें, नाहीं तर एका तळ्याची रोगराई दुसऱ्यांत जाते. हा मात्र कायदाच आहे. आणि पैसा? तेथें १९५० सालच्या एका कायद्यानें मासेमारीच्या सामानावरील कराचा पैसा मत्स्यसंवर्धनासाठीं राखून ठेवला. १९८४ सालीं त्यांत मोटरनावांच्या इंधनावरील कराचीही भर पडली, आणि त्यांतला ठराविक हिस्सा अशा सार्वजनिक उतारांवर खर्च होतो. जो पाण्यावर जातो त्याच्याच खिशांतून पाण्याकांठची डागडुजी. अमेरिकेचें सर्वच अनुकरणीय आहे असें आम्ही मानीत नाहीं, पण ही एक गोष्ट कौटिल्यालाही पसंत पडली असती.

आपल्याकडे अगदींच अंधार आहे असेंही नव्हे. कोयनेच्या शिवसागरावर तापोळा-बामणोलीच्या बाजूस वर्षानुवर्षें जिल्हा परिषदेच्या बोटी चालत आल्या आहेत, आणि माणसांबरोबर वाहनेंही पलीकडे नेणारा तराफा तेथें आहे. ज्या खोऱ्यांतल्या बाळंतिणीला पाण्यावरूनच दवाखाना गांठावा लागतो, तेथें नाव लागण्याची जागा ही करमणुकीची बाब राहत नाहीं.

ती करमणुकीची बाब नाहींच. २०१९ च्या श्रावणांत कृष्णेला आणि पंचगंगेला महापूर आला होता. ८ ऑगस्ट रोजीं पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें पुरांतून सुटका करून घेणाऱ्या गांवकऱ्यांची नाव उलटली आणि डझनाहून अधिक माणसें गेलीं. सुटकेची घाई, पाण्याची ओढ, नावेंत तिच्या शक्तीबाहेर भार. ज्यांनीं कृष्णाकांठचा पूर पाहिला आहे त्यांना हें नवें नाहीं. ह्याच मुलखांत गुळाच्या काहिलींत बसून माणसांनीं नद्या ओलांडल्या आहेत. १८ जानेवारी २०२४ रोजीं बडोद्याच्या हरणी तलावावर सहलीस गेलेलीं शाळेचीं मुलें अशाच अति भरलेल्या नावेंत बसलीं. बारा मुलें आणि दोन शिक्षिका परत आल्या नाहींत. आणि चारच महिन्यांनीं, २१ मे रोजीं सायंकाळीं, इंदापूर तालुक्यांतील कळाशी आणि करमाळा तालुक्यांतील कुगांव ह्यांमध्यें उजनीच्या पाण्यावर वादळी वारा सुटला आणि रोजची प्रवासी नाव उलटली. सात जणांपैकीं एकानें पोहून कांठ गांठला. सहा बुडाले, त्यांत लहानगीं मुलें होतीं. हीं माणसें सहलीला गेलेलीं नव्हतीं. तीं आपल्या गांवाला निघालीं होतीं.

ह्या घटना उतार मोडल्यामुळें घडल्या असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु विचार करा: नावेंत किती माणसें बसलीं, जाकिटें आहेत कीं नाहींत, आभाळ कसें आहे, हें सगळें पाहतां येतें तें एकाच ठिकाणीं, नाव सुटते त्या ठिकाणीं. तेथें पक्का उतार असेल, शेजारीं माणसांसाठीं चार पायऱ्या आणि धरावयास कठडा असेल, नावेची माणसांची मर्यादा ठळक आंकड्यांत रंगविलेली असेल, तर तेथें एखाद्या माणसाला उभें राहून ‘बस्स, आतां पुढच्या खेपेला’ असें म्हणतां येतें. जेथें चिखलांतून जो तो हवा तेथून नावेंत चढतो, तेथें मोजणार कोण आणि कोणाला?

घरच्या मंडळींसाठीं दोन शब्द, कारण उन्हाळ्याची सुटी जवळ येत आहे. आधीं नावाड्याला बसूं द्यावें. मग एकेकानें, नावेच्या कांठावर पाय न देतां, मधोमध पाऊल टाकून चढावें आणि लगेच बसावें. वृद्धांना उतरवितांना एकानें नावेंत आणि एकानें कांठावर राहावें. वृद्धांनीं हात नाकारूं नये, मग त्या कोणाच्याही आत्याबाई असोत. जाकीट मुलांना घालावें, म्हणजे स्वतः आधीं घालावें. आई-बापांनीं घातलें नाहीं तर मुलें तें कधींच अंगावर ठेवीत नाहींत. पाण्यांत हत्ती दिसो कीं मगर, सर्वांनीं एका अंगाला धांवूं नये. २००९ सालीं केरळांतील तेक्कडीच्या तलावांत नाव कलंडून ४५ माणसें गेलीं, तेव्हां जनावरें पाहण्यासाठीं उतारू एका बाजूस सरकल्याचें बोललें गेलें होतें. वाऱ्यानें पाण्यावर पांढरी फेणी दिसूं लागली कीं फेरी रद्द करावी, पैसे दिलेले असले तरीही.

त्या तलावावरच्या उताराचें पुढें काय झालें, हें विचारणारे वाचक असतील. आमच्या यजमानांच्या थोरल्या चिरंजीवांनीं मनावर घेतलें. त्यांनीं पुन्हां चारही ठिकाणीं अर्ज दिले, परंतु ह्या वेळीं चौघांनाही एकाच दिवशीं तलावावर येण्याची विनंती केली, आणि आश्चर्य असें कीं तिघे आले. पाणी उतरलेलें होतें. नावाड्यानें वांकून त्यांना तें भोक दाखविलें. त्यांत लहान मूल सहज बसेल एवढी पोकळी झाली होती. वर पाहून कोणी कांहीं बोललें नाहीं. खर्चाचा अंदाज ठरला, आणि मंजुरी येईपर्यंत टोंकाभोंवतीं दगड रचण्याचें काम गांवांतल्या तरुणांनीं अंगावर घेतलें. काळा दगड एका शेतकऱ्यानें आपल्या विहिरीच्या खोदाईंतून विनामूल्य दिला. काँक्रीटचें काम ह्या वैशाखांत होईल किंवा होणार नाहीं. मृग नक्षत्र लागावयास आतां सात आठवडे उरले आहेत, आणि मंजुरीचा कागद तालुक्याहून जिल्ह्यास गेल्याचें कळतें.

आत्याबाईंचें प्लास्टर निघालें आहे. मनगट अजून पूर्ण वळत नाहीं, पोळ्या लाटतां येत नाहींत, म्हणून त्या सुनेच्या पोळ्यांच्या कडा तपासण्याचें काम करतात. मागच्या रविवारीं त्यांचा दूरध्वनि आला. कुशलप्रश्नांनंतर त्यांनीं विचारलें, “त्या नावाड्याला आतां कळलं का, कोणाला सांगायचं तें?” आम्हीं त्यांना चारही कचेऱ्यांचीं नांवें वाचून दाखविलीं. त्यांनीं तीं डाव्या हातानें, सावकाश, कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घेतलीं.